मुलाला कुठल्या शाळेत घालायचे? : मुंबईतील एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या दिवाळीत लेक आणि जावई आमच्याकडे आले, तेव्हा जावयाच्या लॅपटॉपवर एक तक्ता होता. डाव्या बाजूला सात शाळांची नावे आणि पुढे रकाने : बोर्ड, माध्यम, वर्षाची फी, बसने लागणारा वेळ, एका वर्गातली मुले, मैदान आहे की नाही. नातीला अडीच वर्षे पूर्ण व्हायची होती. जेवणे झाल्यावर तक्ता पुन्हा उघडला गेला आणि लेकीने विचारले, ‘‘बाबा, आजोबांनी तुमची शाळा कशी ठरवली होती? आणि तुम्ही माझी?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. माझ्या वडिलांनी शाळा ठरवलीच नव्हती. १९६१ च्या जूनमध्ये रात्रपाळी करून आल्यावर त्यांनी मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या महापालिकेच्या शाळेत नेले. जन्मतारीख त्यांना नीट सांगता येईना, तेव्हा हेडमास्तरांनी आमच्या पिढीतल्या हजारोंची लिहिली तशी माझीही १ जून लिहिली. वडील घरी येऊन झोपले. लालबागच्या आमच्या चाळीतली सगळी मुले त्याच शाळेत जात होती. ‘कुठली शाळा’ हा प्रश्न कुणाला पडल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. ‘‘तुझ्या आईने आणि मी विचार करून ठरवली,’’ असे मी म्हणालो खरा. पण तो विचार नेमका कुणाचा होता, हे मलाच उमगले नव्हते. पुढचे काही महिने मी जुने शैक्षणिक अहवाल, चरित्रे आणि न्यायालयाचे निकाल वाचत बसलो. या शहरातल्या आईबापांनी मुलाचा हात कुणाच्या हाती द्यायचा हे कसकसे ठरवले, ते मला पाहायचे होते. त्यातून जे हाती आले, ते येथे मांडतो आहे.

घरी परत येईल ना?

शाळा निवडावी लागणे ही गोष्टच मुळात शहराने आणली. गावात किंवा जुन्या मुंबईच्या वाडीत पंतोजीची शाळा असे. कुणाच्या तरी ओसरीवर धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायची, पावकी-निमकीपासून पाढे घोकायचे आणि पंतोजीला शिधा किंवा थोडे पैसे द्यायचे. दसऱ्याला पाटीपूजन झाले की मूल जवळच्या पंतोजीकडे जाई. पंतोजी कडक असेल, छडी मारणारा असेल; पण परका नसे.

परकी शाळा आली ती एकोणिसाव्या शतकात. २९ जानेवारी १८१५ रोजी आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचा मूळ हेतू गोऱ्या सैनिकांच्या आणि गरीब युरोपीयांच्या मुलांना शिकवण्याचा होता. काही वर्षांतच माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात ‘नेटिव्ह’ मुलांसाठी वेगळी संस्था हवी असे ठरले आणि तिच्यातून पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. म्हणजे कोणाच्या मुलांसाठी कोणती शाळा, ही विभागणी मुंबईच्या आधुनिक शिक्षणात जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहे. ही बार्न्स यांची सोसायटी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

१८२९ मध्ये जॉन विल्सन मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. हिंदू आणि पारशी पालकांनी तिथे मुले घातली, कारण इंग्रजी येणाऱ्याला सरकारी आणि व्यापारी कचेऱ्यांची दारे उघडत होती. मग १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतले धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. प्रकरण न्यायालयात गेले, पारशी समाजात प्रचंड खळबळ उडाली आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतीही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. न्यायालयाने श्रीपतीला वडिलांच्या ताब्यात दिले. पण घरी आलेले मूल जातीत कसे घ्यायचे, हा नवा पेच उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

ही प्रकरणे आपण धर्मांतराचा इतिहास म्हणून वाचतो. मला ती या वेळी पालकांच्या बाजूने वाचावीशी वाटली. ज्या बापाने मुलाला इंग्रजी शिकायला पाठवले, त्याला इंग्रजीचा लाभ पक्का ठाऊक होता. त्याच्या मनातला प्रश्न वेगळा होता : सकाळी घरातून गेलेले मूल संध्याकाळी आपलेच म्हणून परत येईल ना? मला वाटते, पहिली शाळा शोधणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनाच्या तळाशी आजही हाच प्रश्न असतो. शिक्षक बरे आहेत का, हा प्रश्न त्याच्या नंतरचा. धर्माची भीती ओसरली, तिच्या जागी दुसऱ्या भीती आल्या. प्रश्न तोच राहिला.

शेजारी कोण बसणार?

घरी परत येण्याच्या भीतीइतकीच जुनी दुसरी चिंता म्हणजे मुलाच्या शेजारी कोण बसणार.

मुलींच्या बाबतीत ही चिंता इतकी मोठी होती, की मूल शाळेत घालायचे की नाही हाच वाद होता. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती; पण प्रतिष्ठित घरांतल्या मुली तिथे जात नव्हत्या. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये शाळा सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि १८४९ मध्ये या सोसायटीने मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. तरुण सभासदच मास्तर झाले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातले एक. ही मुले घरोघर जात, ‘ओटीवर जागा द्या आणि मुलींना बसवा’ अशी विनवणी करत. काही घरांतल्या वडीलधाऱ्यांनी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली, असे दादाभाईंच्या चरित्रात आहे. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या जागेत आसरा दिला. शाळा नानांच्या वाड्यात भरते म्हटल्यावर गिरगावातल्या पालकांचा धीर चेपला. अभ्यासक्रम कुणी विचारला नसेल. घर कुणाचे, हे मात्र पाहिले गेले.

सगळ्यांना मात्र कुणाच्या वाड्याचा आधार नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याचा अर्ज मुंबई सरकारपर्यंत आला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असा हिशेब करून हस्तक्षेप करायचे टाळले. दोन वर्षांनी वरून निर्णय आला, की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. दार कागदावर उघडले. पण १८५६ चा तो हिशेब मला फार ओळखीचा वाटला. ‘बाकीचे पालक काय म्हणतील?’ या वाक्याने आजही कितीतरी मुलांचे प्रवेश अडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक निवृत्त सुभेदार साताऱ्याहून मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार थाटून राहिले. रामजी आंबेडकरांनी धाकट्या भीमरावाला आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा, शहरातल्या नामांकित शाळांपैकी एक. परळच्या चाळीपासून ती दूर होती आणि पेन्शनीत तिचा खर्च जड होता. पण ‘सर्वांना खुली’ हा नियम जिथे बऱ्यापैकी पाळला जाईल, अशी ती जागा होती. तिथेही भीमराव फळ्याकडे निघाला, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. मुंबईतल्या एका बापाने निवडलेल्या शाळेचा याहून मोठा परिणाम मला माहीत नाही. आणि ज्याला निवडीचा हक्क सर्वांत कमी होता, त्यानेच ती सर्वांत विचारपूर्वक केली, हेही नोंदवले पाहिजे.

रस्त्यापलीकडची शाळा

माझ्या वडिलांना जी शाळा ‘ठरवावी लागली नाही’, ती तिथे आपोआप आलेली नव्हती. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे पालिकेचे कर्तव्य ठरवले. १९२० मध्ये मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९२५ पासून एफ आणि जी या दोन विभागांत शिक्षण सक्तीचे करण्यात आले. परळ, शिवडी, माटुंगा, दादर, वरळी हा सगळा टापू त्यांत येतो. म्हणजे गिरणगावाचा मोठा भाग. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या मुलांसाठी चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा आली ती यामुळे. पालिकेने मराठीबरोबर गुजराती, उर्दू, हिंदी, आणि पुढे तमिळ, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांतही वर्ग चालवले. एकाच इमारतीत दोन जिन्यांवरून दोन भाषांची मुले चढताना मी लहानपणी रोज पाहिली आहेत.

मध्यमवर्गीयांची वाट याच सुमारास निराळी झाली. १८९६ च्या प्लेगने गिरगाव-मांडवीच्या दाट वस्तीची दैना केली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याला रुंद रस्त्यांची नवी वसाहत आखली गेली. कारकून, मास्तर, वकील तिकडे राहायला गेले आणि त्यांच्या पाठोपाठ शाळा आल्या. पार्ल्यात १९२१ मध्ये लोकमान्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले, तर दादासाहेब रेग्यांनी शिवाजी पार्कजवळ १९४० मध्ये बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. माध्यम मराठी, मास्तर ओळखीचे, गॅदरिंगला लेखक-नट पाहुणे. या शाळा म्हणजे त्या वस्तीची शानच होती.

‘पहिली शाळा’ ही कल्पनाही दादरलाच खऱ्या अर्थाने रुजली. त्याआधी सहा-सात वर्षांपर्यंत मूल घरीच असे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीला आपल्या मातीत बसवण्याचा प्रयोग केला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाई दादरला आल्या आणि हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. तीन-चार वर्षांच्या मुलाला धाक न दाखवता, त्याच्या हाताला काम देऊन शिकवता येते, हे पालकांना तिथे डोळ्यांनी पाहता आले. तिथे पालकाने मुलाकडे पाहायला शिकावे अशी अपेक्षा होती. मुलाची परीक्षा घेण्याची कल्पनाच त्या विचाराला परकी होती.

ताराबाईंना मात्र लवकरच वाटू लागले, की हे सगळे खात्यापित्या घरांतल्या मुलांपुरतेच राहते आहे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांच्या साथीने खेड्यातल्या व पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा तो विचार. शहर नेमके उलट्या दिशेने निघाले होते. शहरात शाळा जागच्या जागी राहिली आणि मुले बसमध्ये बसून तिच्याकडे जाऊ लागली.

१९५४ चा एक आदेश

या दिशेला कोणत्या वळणावर वेग आला, हे शोधताना माझ्या हाती एक न्यायालयीन निकाल लागला.

कोणत्या भाषेत शिकवावे हा वाद मुंबईला नवा नव्हता. १८४७ मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्येच तो रंगला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि त्यांच्यासोबत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा हे देशी भाषांच्या बाजूचे. ज्ञान लोकांपर्यंत पोचायचे तर ते लोकांच्या भाषेतून पोचेल, हे नानांचे म्हणणे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने मधला मार्ग काढला : खालच्या वर्गांत देशी भाषा, वरच्या शिक्षणात इंग्रजी. पुढची शंभर वर्षे मुंबईतल्या बहुतेक मुलांनी याच मार्गाने प्रवास केला. म्हणजे इंग्रजी हवी होती, पण ती पहिल्या पाटीवर नको होती.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजीचे शिक्षण आठवीपासून ठेवले. तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दारात काही पालक दिसू लागले. या शाळा मुख्यतः अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या. तरी इतरांची मुलेही तिथे जात होती. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून इतर कुणालाही प्रवेश देऊ नये. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. भारतीय भाषांची वाढ व्हावी, असा उद्देश सांगितला गेला.

देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने या आदेशामुळे दोन मुलांना प्रवेश नाकारला. एक होती भारतीय ख्रिस्ती मेजरची मुलगी. तिच्या घरची भाषा इंग्रजीच होती. दुसरा होता एका डॉक्टरांचा मुलगा. त्यांची मातृभाषा गुजराती. दोन्ही बाप न्यायालयात गेले आणि शाळा चालवणारी संस्थाही गेली. ही संस्था म्हणजे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी; १८१५ मध्ये बार्न्स यांनी काढलेली तीच. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने आदेश अवैध ठरवला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सरकारचा युक्तिवाद होता, की आम्ही सगळ्याच भारतीयांना सारखेच नाकारतो, मग भेदभाव कसला? घटनेच्या एकोणतिसाव्या कलमाने सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारायला बंदी आहे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

निकाल वाचताना मी दोन्ही बाजूंना होतो. ‘तुझी भाषा ही नाही, म्हणून तुझे मूल इथे नको’ असे सरकारने बापाला सांगणे आणि धारवाडच्या मुलाला सांगणे, यात फार अंतर नाही. न्यायालयाने केले ते योग्यच केले. पण त्याच वेळी नानांनी १८४७ मध्ये धरलेला धागा तुटायला लागला, हेही खरे. गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी निघालेल्या संस्थेच्या खटल्याने इंग्रजी माध्यमाचे दार प्रत्येक भारतीय पालकासाठी कायद्याने उघडे झाले. आत कधी शिरायचे, हा फक्त ऐपतीचा आणि वेळेचा प्रश्न उरला.

गिरणी बंद, शाळा दूर

माझ्या पिढीत ती वेळ आली. आम्ही इंग्रजी पाचवीत शिकलो, कशीबशी पदवी मिळवली, नोकऱ्याही मिळवल्या; आणि प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक साहेबासमोर तोंड उघडताना घाबरलो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही; गिरण्या मात्र हळूहळू मिटल्या. माझे वडील निवृत्तीला आलेले होते म्हणून आमचे घर तरले. शेजारची घरे विरार-नालासोपारा-बदलापूरकडे सरकली. ज्या शाळेच्या चारही तुकड्या भरत, तिथे दोन भरू लागल्या. ज्या कामासाठी मराठी पुरत होती ते कामच शहरातून गेले, आणि जे नवे काम आले ते इंग्रजीत बोलत होते. यात गिरणगावातल्या पालकांनी मराठीचा द्रोह केला असे कुणी म्हणू लागले की मला राग येतो. त्यांनी फक्त पगार कुठल्या भाषेत मिळतो ते पाहिले. विल्सन यांच्या शाळेत मुले पाठवणाऱ्या पालकांनी पाहिले होते तसेच.

१९९१ मध्ये आम्ही लेकीला एका इंग्रजी शाळेच्या छोट्या शिशुवर्गात घालायला नेले. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही; तेव्हा सगळीकडे हेच चालत होते. साडेतीन वर्षांच्या मुलीला बाईंनी रंग विचारले. तिने ‘लाल’ म्हटले आणि माझ्या पोटात गोळा आला. मग आमची मुलाखत झाली. मी आदल्या रात्री आरशासमोर चार इंग्रजी वाक्ये पाठ केली होती. त्यांतली दोन आठवली. प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, ‘‘आता घरीही थोडं इंग्रजी बोलायला हवं हं.’’ मी ‘हो’ म्हणालो. १८३९ च्या त्या बापाचा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. तो पडला नाही.

१९९३ मध्ये यशपाल समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराविषयी केलेल्या भाषणाने त्या चर्चेला तोंड फुटले होते. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, असे समितीने स्पष्ट सुचवले. कायद्यात ते यायला आणखी दीड दशक लागले. मधल्या काळात, २००० च्या जूनपासून, राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून इंग्रजी आणावी लागली. काही शाळा त्याने सावरल्या, पुष्कळशा सावरल्या नाहीत.

तक्त्यात नसलेला रकाना

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास आणि देणगी घेण्यास त्याने बंदी केली. विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. ‘शेजारी कोण बसणार’ या जुन्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे पहिले ठाम उत्तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळच सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. १९५४ प्रमाणेच या वेळीही दार लावले सरकारने आणि उघडले न्यायालयाने. पण १९५४ मध्ये दार मागणारे मेजर आणि डॉक्टर होते. २०२४ मध्ये रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटना होत्या. हा फरक मला मोठा वाटतो.

आणि एक फरक पालिकेच्या शाळांतच पडला. २०२० पासून पालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाखाली केंद्रीय बोर्डाच्या इंग्रजी शाळा सुरू केल्या. जिथे मराठी वर्गांसाठी शिक्षिका वस्तीत फिरून मुले गोळा करतात, त्याच पालिकेच्या या शाळांसाठी सोडत काढावी लागते. जावयाने तिथलाही अर्ज भरला होता. माझ्यानंतर चौसष्ट वर्षांनी घरातले कुणीतरी पुन्हा पालिकेच्या शाळेत जाईल, या विचाराने मी उगाच हरखलो. सोडतीत नाव आले नाही.

मग लेकीला मी माझे उत्तर दिले. म्हटले, तुझी शाळा मी ठरवली ती माझ्या भीतीने ठरवली. साहेबासमोर माझी बोबडी वळत होती, ती तुझी वळू नये म्हणून. भीती खोटी नव्हती आणि तुझे भलेही झाले. पण दोनशे वर्षांत मला एवढे दिसले, की पालक ज्या गोष्टीला भितात ती बहुधा घडत नाही. आणि जे घडते ते त्यांच्या लक्षातही येत नाही. पारशी बापाला धर्म जाईल असे वाटले. धर्म राहिला, घरातली भाषा हळूहळू बदलली. आम्हाला तू मागे पडशील असे वाटले. तू पुढे गेलीस, मागे पडली ती रस्त्यापलीकडची शाळा. एकेका घराने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला आणि सगळ्या शहाण्या निर्णयांची बेरीज म्हणून त्या शाळेचे वरचे दोन मजले रिकामे झाले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे काय करू, बाबा? तिला एकटीला तिथे बसवू?’’

याचे उत्तर माझ्या वाचनात कुठे मिळाले नाही. एका मुलीला रिकाम्या वर्गात बसवून शाळा वाचत नाही, आणि कुणाच्याही आईला असे सांगण्याचा हक्क मला नाही. निदान मला तरी नाही. जे काम १९२० च्या कायद्याने केले, म्हणजे घराजवळ सगळ्यांची मिळून एक बरी शाळा असणे, ते आईबापांनी रात्री लॅपटॉपवर तक्ते भरून होणारे नाही. ते शहराने मिळून करायचे काम आहे, आणि शहराने ते एकदा करून दाखवलेले आहे.

जूनमध्ये नात शाळेत जाऊ लागली. शाळा इंग्रजी माध्यमाचीच आहे. पण तक्त्यातली सर्वांत जवळची, चालत बारा मिनिटांची. शेवटच्या क्षणी लेकीने बसचा वेळ हा रकाना सर्वांत वर नेला. मी मंगळवारी आणि गुरुवारी तिला आणायला जातो. परतताना ती वर्गातल्या मुलांची नावे सांगते. त्यांतली काही सोसायटीतली असतात, तर एका मुलीची आई शेजारच्या इमारतीत पोळ्या करायला येते. रस्त्यात लाल बस दिसली की नात ‘रेड’ म्हणते. मी ‘लाल’ म्हणतो. घर येईपर्यंत आमचा हा खेळ चालतो आणि अजून तरी दोन्ही शब्द घरी पोचतात.